नायकाचं एकच वाक्य

"सोमवारी सिद्धेश्वरच्या तांड्यावर असं नाटक करतो, की बघणाऱ्याला ते नाटक वाटलंच न्हाई पाहिजे!"

प्रेमदास राठोड सरांनी ही घोषणा केली तेव्हा खाली गिरणीत गहू पडत होते, त्यामुळे ती त्यांना पुन्हा एकदा करावी लागली. सरांचा 'प्रेमदास अभिनय वर्ग' हिंगोलीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरायचा. पट्टा सुरू झाला की माडी थरथरायची आणि माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. सर म्हणायचे, "हीच तर खरी तालीम! इथं ज्याचा आवाज पोचला, त्याचा कुठंबी पोचंल!" त्यामुळे पोरं हळुवार प्रेमाचे संवादसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायची. संध्याकाळी घरी जाताना सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि स्टँडवरचे रिक्षावाले विचारायचे, "काय रे, आज म्हाताऱ्यांचं नाटक व्हतं काय?"

आता सर म्हणजे नुसते शिकवणारे नव्हेत हं. हाडाचा नट माणूस! परभणी-नांदेडच्या स्पर्धा गाजवलेल्या, मुंबईत काही वर्षं चपला झिजवलेल्या. एका मालिकेत ते प्रेत झाले होते. कॅमेरा सुरू असताना त्यांच्या नाकावर मुंगी चढली, नाकपुडीत शिरली, आत फिरून बाहेर आली, आणि सर हलले नाहीत! पुढं एका सिनेमात चहा आणून देणाऱ्या माणसाचं काम मिळालं. वाक्य होतं, 'चहा, साहेब.' सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर चहा होता, साहेब होते, पण सर नव्हते! नुसता मनगटापर्यंतचा हात दिसला. साखऱ्याजवळ त्यांचा बंजारा तांडा. तिथले लोक ट्रॅक्टर करून हिंगोलीला सिनेमा बघायला गेले आणि हातातल्या कड्यावरून सरांना ओळखून परत आले.

त्या मुंगीपासून वर्गाचा नियम तयार झाला. नवीन पोरगं आलं की सर आधी तोच सांगायचे. "पडदा पडेपर्यंत भूमिका सोडायची न्हाई! वरून दगड पडू द्या, खाली साप निघू द्या. ज्यानं भूमिका सोडली, त्यानं वर्ग सोडला!"

पोरं मान हलवायची. मान हलवली की पीठ पडायचं.

इतका मोठा नट, पण घरी त्याची किंमत शून्य! सरांचे वडील पेमा. कोरडवाहू रान, एक बैलजोडी आणि एकुलता एक पोरगा, तो हा असा. पोरगी द्यायला पाहुणे यायचे, विचारायचे, "मुलगा काय करतो?" पेमा खरं बोलणारा माणूस. तो सांगायचा, "नाटकं करतो." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे.

शेवटी पेमानं सांगून टाकलं. "हे बघ प्रेमदास, होळीपर्यंत वाट बघतो. तवर काही कायमचं काम मिळालं तर ठीक. न्हाई तर होळीला तांड्यावर ये अन् बैलं सांभाळ. मला आता व्हईना."

पेमाचा शब्द म्हणजे शब्द. म्हणजे वर्ग बंद, गिरणी बंद, नट बंद! सरांची झोप उडाली.

आणि नेमकं त्याच दिवसांत देवच पावला म्हणायचा. हिंगोली परभणीतून वेगळी होऊन नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, पाट्या नव्या, साहेब नवे! मुली शिकाव्यात म्हणून गावोगाव नाटकं करायची मोहीम निघाली, आणि जवळेकर नावाच्या साहेबांकडं ती आली. साहेब सरांना म्हणाले, "राठोड, एक नमुन्याचा प्रयोग दाखवा. मला पटला तर अख्ख्या जिल्ह्याचं काम तुमचं. नाही पटला, तर नांदेडची पार्टी तयारच आहे."

नांदेडच्या पार्टीकडं स्वतःचा टेम्पो होता आणि मुलींचे आवाज काढणारा एक मिशावाला होता. सरांकडं काय होतं? निलम, दिपा आणि हरीश! निलम आणि दिपा तांड्यावरच्याच, पण घरं हिंगोलीत आलेली. हरीश आखाडा बाळापूरच्या शेतकऱ्याचा पोरगा. अंगानं आडवा, आवाज गिरणीला दाबून टाकणारा, आणि सरांचा नियम देवाच्या आरतीसारखा पाळणारा.

नाटक सरांनी स्वतःच लिहिलं. गोष्ट साधी. बाप पोरीला शाळेतून काढून तिचं लग्न ठरवतो, पोरगी तांड्याच्या नायकापुढं, म्हणजे मुखियापुढं, दाद मागते, नायक न्याय देतो. बाप स्वतः सर, पोरगी निलम, आई दिपा, आणि नवऱ्या मुलाचा बाप हरीश. वेगळी नावं दिली की पोरं भर प्रयोगात विसरतात, म्हणून नाटकातही ज्याचं त्याचंच नाव ठेवलं. बापाचे संवाद लिहायला तर सरांना काही तकलीफच पडली नाही. पेमा त्यांना जे जे बोलायचा, तेच सगळं जसंच्या तसं उतरवलं!

"आणि नायक कोण, सर?" निलमनं विचारलं.

सरांचे डोळे चमकले. "नायक खराच!"

सिद्धेश्वर धरणाजवळच्या त्या तांड्याचे नायक रूपसिंग. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, आणि एक शब्द बोलायच्या आधी बिडीचे चार झुरके घेणारा माणूस. सर आदल्या दिवशी जाऊन त्यांना भेटले.

"नायक, तुमी फक्त बाजेवर बसायचं. शेवटी एकच वाक्य म्हणायचं. 'पोरगी शाळेत जाईल!' बस्स."

"एकच?"

"एकच."

नायकांनी झुरके घेतले. "पोरगी शाळेत जाईल. बराबर. ऱ्हाईल ध्यानात."

सर खूश होऊन परतले. परतताना त्यांना आणखी एक कल्पना सुचली, आणि तिथंच घोळ झाला! तांड्यावर न्यायसभा बसते, तिला नसाब म्हणतात. नसाब बोलवायची एक हाळी असते. ती ठरलेल्या शब्दांत, मंदिराच्या ओट्यावर उभं राहून द्यायची. सरांनी ठरवलं, निलम तीच खरी हाळी देईल. वाटलं नाटक, तर खरंच वाटलं पाहिजे! वास्तविक सर स्वतः तांड्यावर वाढलेले. हाळी देऊन बसलेला नसाब न्याय झाल्याबिगर उठत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पण नटाला एकदा टाळ्या दिसायला लागल्या, की पुढचा खड्डा दिसत नाही.

वर आणखी त्यांनी पेमालाही निरोप धाडला. 'बा, सोमवारी सिद्धेश्वरच्या तांड्यावर या. बघा तुमचा पोरगा काय चीज हाय!'

सोमवारी दुपार कलली आणि संत सेवालालांच्या मंदिरापुढं सगळा तांडा जमला. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मधे मोकळी जागा. नायक बाजेवर. जवळेकर साहेब खुर्चीवर. त्यांच्या मागं, पटका सावरत, पेमा.

नाटक सुरू झालं आणि सरांनी पहिल्याच संवादात मैदान मारलं! निलमच्या हातातलं दप्तर हिसकावून गरजले, "शिकून पोट भरतं का? रान कोण बघंल? बैलं कोण बघंल? मी म्हणतो तेच व्हणार!"

बायांतून शिव्यांचा पाऊस पडला. नायकांची बायको जमनाबाई तर उठून उभीच राहिली. "हातात चप्पल देऊ का रे पोरी?"

फक्त एका माणसाला हा बाप मनापासून आवडला. पेमानं मांडीवर थाप मारली. "बराबर बोलला! पैल्यांदा शहाण्यासारखं बोलला!"

मग हरीश आला. काजळाची मिशी, खांद्यावर उपरणं. त्यानं आवाज लावला तशी शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. लग्न ठरलं, पोरगी रडली, आई रडली. आणि निलम पळत जाऊन मंदिराच्या ओट्यावर चढली आणि तिनं हाळी दिली. गिरणीच्या माडीवर तयार झालेला आवाज! धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांनीसुद्धा माना वळवल्या.

म्हाताऱ्या माणसांनी फेटे नीट केले आणि सरकून पुढं येऊन बसले. कोणीतरी नायकांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. हे नाटकात नव्हतं. सरांना वाटलं, वा! काय वातावरण झालंय!

आता नायकांचं वाक्य. नायकांनी बिडी पेटवली. एक झुरका. दोन झुरके. सर वाट बघतायत. साहेब वाट बघतायत.

सर जवळ सरकून कुजबुजले, "नायक, तुमचं वाक्य."

"वाक्य हाय ध्यानात," नायक सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "पण दुसऱ्या बाजूचं मी अजून ऐकलं न्हाई."

"दुसरी बाजू नाटकात न्हाईच, नायक!"

"मंग न्याय कसा देऊ? हे बघ, नाटक हाय ते मला कळतं. मी काही खुळा न्हाई. पण हाळी तू खरी द्यायला लावली. माणसं खरी बसली. मंदिर खरं, मी खरा. मंग न्याय तेवढा खोटा कसा देऊ, सांग!"

सरांनी पटका मागं सारून डोकं खाजवलं. ह्याला तुम्ही तरी काय म्हणाला असता?

"पोरीच्या सासऱ्या, पुढं ये," नायक म्हणाले. "कोणत्या तांड्याचा?"

हरीशनं सरांकडं पाहिलं. सरांचा नियम त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. दगड पडोत, साप निघोत! त्यानं छाती पुढं काढली. "मी तांड्याचा न्हाई. आखाडा बाळापूरचा!"

झालं! माणसांत गलका उठला. "बाळापूरचा? सोयरीक बाळापुरात?" "काहून? तांड्यातली पोरं काय मेली?" एक म्हातारा तर काठी आपटून म्हणाला, "बाळापूरच्या बाजारात बैल घेतला व्हता मी, चौथ्या दिशी बसला तो बसलाच!" त्यावर हरीशचा खराखुरा गावाभिमान जागा झाला. "बैल तुमी उपाशी ठेवला आसंल!" तो भूमिकेत राहूनच भांडायला लागला, आणि नाटकाची गाडी मुलींचं शिक्षण सोडून बैलबाजाराकडं निघाली.

"गप!" नायकांनी हात वर केला. "पाहुणा बाहेरचा हाय, म्हणून नसाब मराठीत चालंल. पोरीची आई कुठं हाय?"

दिपा पुढं आली. तिला वाक्य होतं एकच, 'अगं बाई, माझी लेक!' ते तर होऊन गेलेलं. ती गांगरली, पण वर्ग सोडायची तिचीही तयारी नव्हती. तिनं पदर डोळ्याला लावला. "मला कोण विचारतं, नायक? ह्यो माणूस घरी ऱ्हातोच कुठं! गावोगाव नाटकं करत फिरतो. कुठं मढं व्हऊन पडतो, कुठं लोकांला चहा देतो!"

हिला हे कोणी सांगितलं? सरांनीच! रोज सांगितलं होतं!

जमनाबाईनं दिपाला जवळ घेतलं. बायांनी तिच्याभोवती कडं केलं, आणि दिपा आता खरंच रडायला लागली. जवळेकर साहेब खुर्चीच्या काठावर सरकले होते. तोंड उघडं, चष्मा नाकावर. सरांनी ते पाहिलं. 'थांबा मंडळी, हे नाटकात न्हाई' म्हणायला एक क्षण पुरेसा होता. पण म्हटलं, तर साहेबांसमोर प्रयोग मोडला. प्रयोग मोडला की काम नांदेडला, आणि सर बैलांकडं! आणि पोरं? तिघंही जिवावर उदार होऊन नियम पाळत होती. नियम करणाऱ्यानंच तो मोडायचा? सरांनी दातावर दात दाबले आणि पटका घट्ट केला.

"आता तू," नायकांनी सरांकडं बोट केलं. "बापाचं नाव?"

सरांच्या मागं मंदिर होतं. तिथं खोटं नाव कोण सांगणार?

"पेमा."

"साखऱ्याकडचा पेमा? त्याला मी वळखतो की! हाय का हितं?"

साहेबांच्या खुर्चीमागून पेमा उठला. नसाबात नाव पुकारलं की उठायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पटका काढून काखेत घेऊन तो मधे आला.

"पेमा, पोरगा तुझा?"

"व्हय, माझा."

"अन् ही नात?"

पेमानं निलमकडं पाहिलं. मग दिपाकडं पाहिलं. मग पोराकडं असं पाहिलं, की सरांना जमीन फाटावी असं वाटलं. "नायक," पेमा सावकाश म्हणाला, "पोराचं लगीनच मी केलं न्हाई अजून. नात कुठून आली ते ह्यालाच इचारा!"

तांडा हसून लोळला! बाया पदर तोंडात धरून, बाप्ये एकमेकांच्या पाठी बडवून. साहेबांचा चष्मा खाली पडला. पण पेमा हसला नाही. तो आता नायकांपुढं उभा होता, आणि मनात कित्येक वर्षं दाबून ठेवलेलं त्याला सांगायला जागा मिळाली होती.

"नायक, नसाब बसलाच हाय, तर माझं बी गाऱ्हाणं ऐका. हा पोरगा एकुलता एक. मी थकलो. बैलं मला आवरत न्हाईत. अन् हा हिंगोलीला पिठात बसतो! मी ह्याला म्हणतो, नाटक शिकून पोट भरतं का? रान कोण बघंल? बैलं कोण बघंल?"

हेच शब्द थोड्या वेळापूर्वी सर निलमला बोलले होते. अगदी हेच! तांड्यातलं लहान लेकरूही सरांकडं बघायला लागलं.

"बोल," नायक म्हणाले.

आता बघा सरांची पंचाईत! बाप म्हणून बोलले, तर पेमाचं बरोबर ठरतं आणि स्वतःच्या गळ्यात बैलाचं दावं पडतं. मुलगा म्हणून बोलले, तर नाटकातला त्यांचा सगळा डाव उधळतो. सरांनी आयुष्यात इतक्या भूमिका केल्या, पण दोन बाजूंनी एकाच माणसानं हरायची भूमिका त्यांना कधी आली नव्हती. गिरणीवर मात करणारा आवाज त्यांनी खाली आणला.

"बा," ते शेवटी म्हणाले, "मला दुसरं काही येतच न्हाई. बैलं मी सांभाळली तर बैलंबी उपाशी मरतील अन् मीबी. मुंबईत मला कोणी नीट बघितलं न्हाई, फक्त हात बघितला. तरी मी रोज सकाळी उठून त्या माडीवर जातो. काहून जातो? तिथं मला जिवंत असल्यासारखं वाटतं, बा. अर्ध्यातून वढू नका मला."

पेमानं काखेतला पटका ह्या काखेतून त्या काखेत घेतला.

आणि तेवढ्यात निलम! ती ओट्यावर तशीच उभी होती, भूमिका अंगात पक्की. तिनं बापाकडं बोट केलं आणि ठणकावून म्हणाली, "मंग बा, मला काहून वढून राहिले?"

बस्स! तांड्यानं जो आवाज केला, त्याच्यापुढं गिरणी काहीच नाही! जमनाबाईनं टाळी वाजवली, म्हातारा काठी आपटायला लागला, हरीश तर स्वतः नवऱ्या मुलाचा बाप असूनही ओरडला, "पोरगी बराबर बोलून राहिली!"

नायक बाजेवरून उठले. बिडी विझवली. फेटा नीट केला.

"पोरगी शाळेत जाईल!"

अखेर! सरांचे डोळे भरून आले. वाक्य आलं एकदाचं! पण नायकांचं संपलं नव्हतं.

"ज्यानं शिकायला पाऊल टाकलं, त्याला अर्ध्यातून कोणी वढायचं न्हाई. नसाबाचा न्याय सगळ्यांला सारखा. ह्या तांड्यातल्या ज्या ज्या पोरी घरी बसवल्या, त्या उद्यापासून शाळेत. माझी नात बी!" बाप्यांत चुळबुळ झाली, पण बायांच्या बाजूकडं बघून ती लगेच थांबली. "अन् पेमा, तुला बी त्योच न्याय. तुझ्या पोराला वढू नको."

पेमानं पटका डोक्याला बांधला. "नसाबाचं मान्य," तो म्हणाला. आणि जाता जाता सरांच्या पाठीवर थाप मारली, ती बैलाला मारतात तशी, जोरात!

जवळेकर साहेब धावत आले. सरांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवायला लागले. "राठोड! अहो काय प्रयोग! जिल्हा तुमचा! नांदेडला मी आजच नाही म्हणून कळवतो!"

सरांना आभाळ ठेंगणं झालं. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, अभिनय म्हंजे आपल्याला..."

"अहो, तुमचा ठीकच आहे. पण तो म्हातारा नट! कुठं मिळाला तुम्हाला? काय सहज काम! मला एकच अट आहे, राठोड. प्रत्येक प्रयोगात ते म्हातारे पाहिजेत!"

सरांनी वळून पाहिलं. 'ते म्हातारे', म्हणजे पेमा, ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

पेमानं आधी साफ नाही म्हटलं. "मला नाटक येत न्हाई." साहेब म्हणाले, "तेच तर पाहिजे!" मग पेमानं बैलांचं कारण काढलं. तेव्हा जमनाबाई मधे पडली. "शिकणाऱ्याला वढायचं न्हाई, असं आत्ताच ठरलं ना? मंग तुमी बी शिका!" पेमाला नसाबाचं मान्य होतंच. बैलजोडी चुलत्याच्या पोराकडं गेली, आणि होळीच्या आधीच पेमा गिरणीच्या माडीवर मांडी घालून बसला, भुवया पांढऱ्या करून.

मग काय विचारता! सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठं म्हणून प्रयोग नाही झाला असं नाही. गावागावांतून पोरी पुन्हा शाळेच्या वाटेला लागल्या. वर्गात पोरं मावेनात, माडी खरंच पडते की काय म्हणून गिरणीवाला वर येऊन बघून जायचा. पेमा मात्र कधी संवाद पाठ करायचा नाही. प्रत्येक गावात तो पोराचं नवं गाऱ्हाणं मांडायचा आणि प्रत्येक गाऱ्हाणं खरं असायचं! सर लहानपणी कोणाच्या शेतातले हरभरे खाऊन आजारी पडले, पोहायला शिकताना कोणाच्या कमरेला मिठी मारून रडले, सगळं जिल्ह्याला पाठ झालं. लोक सरांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "तुमी पेमा नटाचे चिरंजीव ना?"

काही वर्षांनी एका सिनेमावाल्यानं तो प्रयोग पाहिला. सरांनी नवा शर्ट घातला होता. सिनेमावाला आला, सरांच्या बाजूनं पुढं गेला आणि पेमाच्या पाया पडला. नायिकेच्या आजोबांचं काम! पेमा म्हणाला, "मी येतो. पण पोराला बी काम द्या." सिनेमावाल्यानं दिलं. आजोबांना चहा आणून द्यायचं.

ह्या वेळी तांड्यावरून दोन ट्रॅक्टर निघाले. रूपसिंग नायक पुढच्या ट्रॅक्टरवर, जमनाबाई मागच्या. थिएटरात पेमाचं तोंड पडद्यावर भिंतीएवढं दिसलं आणि शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. मग एक हात आला. हातात कडं, कपबशी. "चहा, आजोबा." सगळ्यांनी कडं ओळखलं. सर अंधारात खुर्चीत खाली सरकले. आता काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर पेमानं कप घेतला. संवादाप्रमाणे त्याला सुनेला हाक मारायची होती. पण चहा हातात आला आणि तो सगळं विसरला. त्यानं मान वर केली आणि घरी म्हणावं तसं म्हणाला, "उभा काहून? बस ना. तू बी घे अर्धा."

आणि कॅमेरा वळला! पडद्यावर प्रेमदास सर! हात नव्हे, मनगट नव्हे, डोक्यापासून कमरेपर्यंत अख्खे सर! तोंड उघडं पडलेलं, डोळे पाण्यानं भरलेले, संवाद विसरलेला, भूमिका पार सुटलेली! आणि तसेच ते खाली बसले आणि बशीतून भुरके मारत बापाचा चहा प्यायले. सिनेमावाल्याला ते इतकं आवडलं की त्यानं तसंच ठेवलं होतं. थिएटरात माणसं रडत रडत टाळ्या वाजवत होती. नायकांनी तर फेट्याच्या टोकानं मिशा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या माडीवर हरीश उभा राहिला. आता तोही वर्गात शिकवायचा.

"सर, एक शंका हाय. पडदा पडेपर्यंत भूमिका सोडायची न्हाई, असा आपला नियम हाय ना?"

सगळा वर्ग सरांकडं बघायला लागला. कोपऱ्यात पेमा तंबाखू मळत होता. सरांनी घसा खाकरला. नेमका तेव्हाच गिरणीचा पट्टा बंद झाला, म्हणून त्यांचं उत्तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"चहा लय गरम व्हता रे!"